थॉर्नशॉचा चढा सूर

रविवारी दुपारी जेवणाची भांडी धुऊन झाली की आमच्या गल्लीतल्या नऊ नंबरच्या घरातून युफोनियम वाजू लागतं. आधी एकच लांब सूर येतो, ओल्या लोकरीसारखा जड आणि ऊबदार. मग रेकॉर्डीची खरखर, मग धबधब ढोल, आणि मग तोच आवाज पुन्हा, पण या वेळी गाण्याच्या आत शिरून बसलेला. गल्लीत कुणी खिडकी लावून घेत नाही. गेली बारा वर्षं हे चाललंय.

वाजवणाऱ्याचं नाव क्लेमेंट बूथरॉइड. गिरणीच्या रंगखात्यात ते मुकादम होते आणि त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. त्यांची गोष्ट घाईने सांगता येणार नाही. त्या माणसाने आयुष्यात घाईने एकच काम केलं, आणि ते कोणतं ते पुढे येईल.

क्लेमचे हात मनगटापर्यंत रंगलेले असायचे. सोमवारी निळे, बुधवारी तपकिरी. रविवारी चॅपेलमध्ये त्यांनी भजनांचं पुस्तक उघडलं की गिरणीत कुठल्या मालाचं काम चाललंय ते सगळ्यांना कळायचं. मला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, रंग बघायचा तो उत्तरेच्या खिडकीत, कारण दिव्याखाली सगळी कापडं खोटं बोलतात. दुसरी, एकदा गडद झालेलं कापड मागे येत नाही. दोन ठाणं जुळवायची असतील तर फिक्या ठाणाला पुढे न्यायचं, गडद ठाणाला हात लावायचा नाही. या दोन गोष्टींवर माझी नोकरी निभावली.

गिरणी सुटली की ते बँडच्या खोलीत जायचे. थॉर्नशॉच्या बँडमध्ये पंचवीस माणसं, सगळी पितळी वाद्यं आणि शेवटी ढोल. युफोनियम म्हणजे मांडीवर घेतलेल्या मुलासारखं धरायचं वाद्य. क्लेमच्या मांडीवर ते एकोणिसशे एकतीस सालापासून होतं. त्यांच्या आधी ते त्यांच्या चुलत्याकडे होतं, आणि त्याच्या पकडीने पितळ जिथे झिजलं होतं तिथेच क्लेमचा अंगठा बसायचा. मलाही बँडमध्ये घेतलं होतं, झांजा वाजवायला. झांजांना सूर नसतो, तेव्हा तू काही बिघडवणार नाहीस, असं बँडमास्तर सेथ हेग यांनी मला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. सेथ तसेच होते. बोलताना शब्द मोजायचे आणि तरी एखादा जास्त टाकायचे, टोचेल असा.

आता सुराबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. पूर्वी या देशातले सगळे पितळी बँड एका चढ्या सुरात वाजायचे. पुढे लंडनच्या वाद्यवृंदांनी आपला सूर खाली आणला, रेडिओ खाली आला, वाद्यं बनवणारे खाली आले. एकेक बँडही खाली आला. आमचं गाव टेकडीवरचं, नवीन गोष्टी तिथे चढून यायला वेळ लागतो. आमची वाद्यं जुनीच राहिली. चॅपेलचा ऑर्गन त्याच सुरात, शाळेतला पियानोही त्याच सुरात. बँडचा कार्यक्रम ठरला की पियानो लावणारा माणूस यायचा आणि सैलावलेल्या तारा ताणून पियानोला बँडपर्यंत चढवून जायचा. पेटीवर आमचा सूर शोधायला गेलात तर सापडायचा नाही. तो दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होता. गावात मात्र तो होता, आणि दुसरा सूर असतो याची कुणाला फारशी आठवणही नसायची.

आठवण करून द्यायची वेळ त्र्याहत्तर साली आली. बँडच्या समितीने ठरवलं की पुढच्या व्हिट्सन सणाच्या मिरवणुकीआधी नवीन वाद्यं घ्यायची, खालच्या सुराची. स्पर्धांत जायचं तर इलाज नव्हता. क्लेमनेही हात वर केला होता, शहाण्या माणसासारखा. पण घरी जाताना ते मला म्हणाले की चाळीस वर्षांत आपल्या बँडचा आवाज कुणी कुठे साठवून ठेवलेला नाही. रेडिओवाले कधी आले नाहीत. आता वाद्यं जातील, आणि आपण कसे वाजत होतो हे सांगायला काहीच उरणार नाही. एवढंच बोलले. दाराशी आल्यावर टोपी काढून झटकली आणि आत गेले. त्यांना काय हवं होतं ते मला त्या झटकण्यात कळलं.

महिन्याभरात बर्टीचं पत्र आलं.

बर्टी म्हणजे एथेल शॅकल्टनचा मुलगा. एथेलचं मासे-बटाटे तळायचं दुकान चॅपेलच्या खालच्या वळणावर. मुलगा वयाच्या सतराव्या वर्षी लंडनला गेला, नट झाला, ऑब्री फेन असं नाव घेतलं. टीव्हीवर रविवारी संध्याकाळी तो काळा मुखवटा घालून घोड्यावरून श्रीमंतांना लुटायचा आणि अर्धा देश ते बघायचा. घोड्यावर दुसराच माणूस बसायचा, कारण दूधवाल्याच्या तट्टाने लहानपणी बर्टीचा कान चावला होता. हे आमच्या गावाबाहेर कुणाला माहीत नव्हतं आणि आम्ही ते बाहेर जाऊ दिलं नाही.

तेव्हा लंडनमध्ये गाणाऱ्यांचा भारी थाट होता. पुरुषमाणसं पापण्यांना चमकी लावायची, उंच तळव्यांचे बूट घालायची, साटिनचे डगले शिवायची. ढोलाच्या ठोक्यावर हजारो माणसं पाय आपटायची. एका रेकॉर्ड कंपनीने बर्टीला गायला लावलं. तो लिहीत होता की रेकॉर्डीवर प्रत्येक गाणं वेगळ्या तऱ्हेचं आहे, आणि एक गाणं आपल्या गावाचं आहे. त्याला थॉर्नशॉचाच बँड हवा होता. त्याचं गाणं आणि बाकीची साथ आधीच टेपवर घेतली होती. ती टेप घेऊन तो एका शनिवारी येणार, तिच्याबरोबर बँडने वाजवायचं, मधल्या आठ आवर्तनांत एकटं युफोनियम. तुमचा सूर लागलेला असेल ना, असं त्याने शेवटी विचारलं होतं. सेथनी उलट टपाली लिहिलं की आमचा सूर शंभर वर्षं लागलेला आहे.

यात खोटं काही नव्हतं. बँड येणार म्हटलं की बाकीच्यांनी बँडला जुळवून घ्यायचं, ही गावची रीत. लंडनवाल्यांनीही तसंच केलं असणार, असं सगळ्यांनी धरलं. टेप म्हणजे पियानो नव्हे, तिला ताण देऊन चढवायला कुणी येत नाही, हे पंचवीस माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, पण माझं काय, मी झांजावाला.

क्लेमनी त्या आठ आवर्तनांवर सहा आठवडे मेहनत घेतली. रंगखात्यातल्या वाफेतही त्यांची बोटं डगल्याच्या खिशावर हलत असायची. विनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या की हे झोपेतही माझ्या दंडावर बोटं दाबतात, आता ते आठ तुकडे मलाच वाजवता येतील.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी चॅपेलच्या मागच्या मोठ्या खोलीत आम्ही गणवेश घालून बसलो. घालायची गरज नव्हती, टेपला दिसत नाही. पण घातले. खिडकीतून केबल आत आली, तिच्यामागून पिअर्स नावाचा लंडनचा टेपवाला, आणि त्याच्यामागून बर्टी.

त्याने जांभळा साटिनचा डगला घातला होता. बुटांचे तळवे विटेएवढे जाड. पापण्या लुकलुकत होत्या. एथेलबाई टेबलावर 'पाय' कापत होत्या, पिठाच्या पारीत डुकराचं मांस भरून भाजतात तो पदार्थ. त्यांनी वर पाहून विचारलं, पापण्यांवर काय सांडून घेतलंस.

"फॅशन आहे, आई."

"पूस. चहात पडेल."

क्लेमनी डगल्याची बाही चिमटीत धरली आणि त्याला खिडकीकडे नेलं. उत्तरेच्या. बराच वेळ बघितलं. "हा जांभळा कुणी रंगवला?" ते म्हणाले. "दोन धुण्यांत जाईल, बर्टी. गाणं लवकर उरक." बर्टी इतका हसला की त्याला बूट सांभाळायला टेबल धरावं लागलं. मग तो क्लेमकाका, क्लेमकाका करत त्यांच्याशेजारी बसला आणि निम्मा 'पाय' संपवला.

त्याने टेप ऐकवली. गाणं टेकडीवरून शहराकडे उतरणाऱ्या माणसाचं होतं. चाल सरळ, चालत्या पावलांची. चांगलं होतं. एथेलबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान आहे. टीव्हीवरच्या माणसासारखा गातोस." बर्टी हसला, पण जरा कमी.

मग आम्ही वाजवायला घेतलं, आणि पहिल्याच सुराला सगळं फाटलं.

दोन सूर जवळजवळ सारखे असले पण एक नसले की त्यांच्यामध्ये एक थरथर सुरू होते, दुखऱ्या दातासारखी. पंचवीस माणसांची ती थरथर खोलीभर झाली. सेथनी काठी खाली घेतली. पुन्हा सुरुवात. तीच गत. पिअर्सने खिशातून सूर बघायचा काटा काढला, टेबलावर आपटला, कानाला लावला, आणि मोठ्या अदबीने सांगितलं की तुम्ही पाव स्वराने चढे आहात.

"आम्ही आहोत तिथेच आहोत," सेथ म्हणाले. "तुम्ही खाली गेलात."

सगळ्यांनी वाद्यांच्या नळ्या जमतील तितक्या बाहेर ओढल्या. त्यामुळे सूर थोडा उतरतो. इतका उतरत नाही. क्लेमची नळी तर सुटून मांडीवर पडली. उतरवलेली वाद्यं आता टेपशी जुळेनात, आणि आपापसातही जुळेनात. लग्नघरी दोन्हीकडचे पाहुणे रुसावेत तसं झालं.

पिअर्स वाईट माणूस नव्हता. त्याने हात पुसत सांगितलं की वाद्यं चुकीची आहेत असं मी म्हणत नाही, पण टेपचा सूर एक आणि तुमचा दुसरा. लंडनला वाजवणारे आहेत, ते एका दुपारी करून टाकतील. तुम्ही इतकी तयारी केली त्याबद्दल आभार. आणि तो केबल गुंडाळू लागला.

मी क्लेमकडे पाहत होतो. ते मांडीवरची नळी रुमालाने पुसत होते. पुसून झाली तरी पुसत होते. खोलीतली माणसं टोप्यांशी चाळा करू लागली. बर्टी आपल्या बुटांकडे बघत होता, आणि एवढ्या उंचीवरूनही त्याला ते लांब वाटत असावेत.

मग क्लेमनी नळी वाद्यात बसवली, शेवटपर्यंत आत, जुन्या जागी. आणि गिरणीत बोलायचे तसे शांतपणे बोलले. "तुमची टेप फिरते, नाही का?"

"फिरते ना."

"जोरात फिरवता येते?"

पिअर्सचे हात थांबले. "येते. पण मग साथ चढेल आणि ह्यांचा आवाजही चढेल."

"आमचं कापड गडद झालंय," क्लेम म्हणाले. "ते मागे येणार नाही. तुमचं फिकं आहे. ते पुढे आणा."

पिअर्सला कापडाचं काही कळलं नाही, पण बाकीचं कळलं. त्याने बटण फिरवलं. टेप अगदी थोडी जोरात धावू लागली, शंभर पावलांत तीन पावलं जास्त, एवढीच. सेथनी एक सूर द्यायला लावला. पिअर्सने बटण केसभर हलवलं, परत हलवलं. आणि एका क्षणी ती थरथर गेली. चुलीवरचं दूध उतू येता येता खाली बसावं तशी गेली.

आणि टेपवरचा बर्टी बदलला. आवाजातला लंडनचा गिलावा गळून पडला. हलका झाला, थोडा अल्लड झाला. लहानपणी शनिवारी चॅपेलची भजनं म्हणत उतार उतरायचा तो हाच, याच सुरात. एथेलबाईंनी सुरी खाली ठेवली.

"हा आमचा बर्टी," त्या म्हणाल्या.

बर्टीने पापण्या पुसल्या, आणि आईने सांगितलेलं कामही त्यात उरकलं.

तिसऱ्या वेळी वाजवलं ते पक्कं झालं. मधली आठ आवर्तनं आली तेव्हा बाकीचे चोवीस थांबले आणि क्लेमचं युफोनियम एकटं चालत गेलं. त्यात कसरत काही नव्हती. माणूस आपल्या परसात फिरतो तसं ते फिरलं, हे झाड, ती भिंत, हे फाटक. मग आम्ही सगळे आत आलो, आणि शेवटी मी झांज मारली. सेथ माझ्याकडे बघून म्हणाले की वेळेवर मारलीस, कुठेतरी लिहून ठेवा रे. त्यांच्याकडून ही फार मोठी शाबासकी होती.

चहा झाला. केबल गुंडाळता गुंडाळता पिअर्स खुशीत बोलून गेला की आता काळजी नाही, लंडनला टेप पुन्हा नेहमीच्या वेगावर आणली की तुमचा बँडही तिच्याबरोबर खाली उतरेल, बाकीच्या गाण्यांशी छान जुळेल.

क्लेमचा कप वाटेतच थांबला. "म्हणजे मी वाजवलं ते खाली येणार?"

"जरासं. तुम्हालासुद्धा कळायचं नाही."

"मला कळेल," क्लेम म्हणाले.

त्यांनी बर्टीला बाजूला घेतलं. मी झांजा फडक्यात बांधत होतो, म्हणून मला ऐकू आलं. पुढच्या वर्षी ही वाद्यं जाणार, हे त्यांनी त्याला सांगितलं. मग म्हणाले, "आमचा आवाज आजवर कुणी ठेवला नाही. तू ठेवतोयस. ठेवायचाच तर आहे तसा ठेव, पोरा. उतरवलेला दुसऱ्याच कुणाचा तरी होईल."

बर्टीने लगेच हो म्हटलं नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला, "काका, रेकॉर्ड कंपनीची आहे. मी सांगून बघतो." आणि वेष्टनावरच्या फोटोसाठी त्यांची बँडची टोपी मागितली. क्लेमनी डोक्यावरची काढून दिली. परत पाठव, पावसाला लागते, एवढं बजावलं.

उन्हाळा गेला. बर्टीचं पत्र आलं नाही, आणि क्लेमनीही विचारलं नाही. ते आपल्या वाफ्यातल्या लीकच्या कांद्यांना माती लावत होते. ऑक्टोबरात पार्सल आलं. त्यात टोपी, तिच्याखाली रेकॉर्ड, आणि एक चिठ्ठी. 'काका, ऐकून कळवा. बर्टी.' बस, एवढंच.

रेकॉर्डीचं नाव होतं 'सात टोप्या, एक डोकं'. वेष्टनावर बर्टी सातदा होता. जादूगाराची टोपी, खलाशाची, न्यायाधीशाचा केसांचा टोप, आणि अगदी उजवीकडे थॉर्नशॉ बँडची, क्लेमच्या घामाच्या डागासकट. रविवारी आम्ही पाचसहाजण नऊ नंबरात जमलो. विनीबाईंचं मशीन कोपऱ्यात होतं, चॅपेलच्या जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीतून आणलेलं, त्यावर त्या भजनांच्या रेकॉर्डी लावून बरोबर गायच्या. पहिलं गाणं पाय आपटायचं होतं. दुसऱ्यात खेळण्यातला पियानो. तिसऱ्यात मेघगर्जना होत होती आणि बर्टी भुताच्या आवाजात नुसता बोलत होता. मग नाच, मग अंगाई. नाताळच्या दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं सगळं घालून करतात तसला हा 'पाय' आहे, असं सेथ म्हणाले, आणि शेवटी पुष्टी जोडली की तसला 'पाय' मला आवडतो.

आमचं गाणं दुसऱ्या बाजूला होतं. क्लेम युफोनियम मांडीवर घेऊन बसले होते. ते कशासाठी, हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. गाण्याबरोबर आपला सूर वाजवून बघायचा. जुळला तर बर्टीने तसाच ठेवला. नाही जुळला तर उतरवला.

पावलांची चाल सुरू झाली. क्लेमनी फुंकर घातली.

थरथर. दुखऱ्या दातासारखी. रेकॉर्ड खाली होती.

त्यांनी वाद्य खाली ठेवलं आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं, पाहुण्याचं बोलणं ऐकावं तसं. संपल्यावर म्हणाले, चांगलं वाजलंय, बर्टीने मेहनत घेतली. मग लीक बघायला परसात गेले. आम्ही एकेक करून उठलो.

तो आठवडा त्यांनी युफोनियम हातात घेतलं नाही. तालमीला आले नाहीत, सर्दी झाल्याचं कळवलं. रंगखात्यात ते रोजच्यासारखेच होते, फक्त खिशावरची बोटं हलत नव्हती.

पुढच्या शनिवारी सकाळी मी विनीबाईंचं 'पाय'चं भांडं परत द्यायला गेलो. क्लेम चुलीपाशी बसून बर्टीला लिहीत होते. आभाराचं पत्र, कागदावर दोनच ओळी. विनीबाई पीठ लाटत होत्या. लाटणं थांबलं, परत चाललं, परत थांबलं.

"क्लेम," त्या म्हणाल्या, "पत्र टाकण्याआधी एक सांगते. रागावू नकोस."

क्लेमनी मान वर केली.

"ते मशीन हळू फिरतं. आणलं त्या दिवसापासून."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

"मग बोलली का नाहीस? मी दुरुस्त केलं असतं."

"म्हणूनच बोलले नाही," विनीबाई पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणाल्या. "हळू फिरतं म्हणून भजनं खाली लागतात. खाली लागतात म्हणून मला वरचे सूर गाता येतात. तू दुरुस्त केलं असतंस तर मी काय, माझ्याच घरात तोंड हलवत बसू?"

क्लेम उठले. आणि आता ते एक काम, जे त्यांनी आयुष्यात घाईने केलं. त्यांनी युफोनियम उचललं, पेटीत न घालता, तसंच काखेत, आणि दार उघडून उतारावर धावत सुटले. वय एकसष्ट, पायात घरातल्या सपाता. दहा वीसची बस वळणावर येत होती. विनीबाईंनी माझ्या हातात रेकॉर्ड दिली, त्यावर क्लेमचे बूट ठेवले, आणि म्हणाल्या, "बघत काय बसलास? त्याला बुटांत आण." मीही धावलो.

शहरातल्या रेकॉर्डीच्या दुकानात शनिवारी गर्दी असते. गल्ल्यावरच्या मुलीच्या गालावर बर्टीसारखीच चमकी होती. तिने युफोनियमकडे पाहिलं, सपातांकडे पाहिलं, आणि विचारलं की हे विकायला आणलंय का. क्लेमनी टोपी काढली. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, तुमचं मशीन बरोबर फिरतं का.

तिला तो प्रश्न वेडा वाटला नाही. तिने खणातून रेघांची एक गोल चकती काढली, मशीनवर ठेवली आणि दिवा लावला. चकती फिरू लागली, आणि तिच्यावरच्या रेघा मात्र जागच्या जागी उभ्या दिसू लागल्या. रेघा उभ्या राहिल्या म्हणजे वेग बरोबर, ती म्हणाली. क्लेम वाकून बघत राहिले. "उत्तरेची खिडकी," ते माझ्याकडे न बघता पुटपुटले.

ऐकायची खोली कपाटाएवढी होती. क्लेम आत मावले, युफोनियमचं तोंड दाराबाहेर राहिलं. मी बूट धरून उभा. गाणं लागलं. साथ, ढोल, बर्टी, मग बँड. ती आठ आवर्तनं जवळ आली, आणि क्लेमनी डोळे मिटून फुंकर घातली.

मला वाटलं ते वाजवतच नाहीत. कानावर एकच युफोनियम येत होतं. त्यांचे गाल फुगलेले होते, बोटं खालीवर होत होती, म्हणून कळलं की ते वाजवतायत. मे महिन्यातला क्लेम आणि ऑक्टोबरातला क्लेम एकाच वाटेने चालले होते, आणि दोघांमध्ये केसाचीही फट नव्हती. थरथर नव्हती. दुकानात कुणीतरी हातातली रेकॉर्ड अर्धी खणात घालून तशीच धरून ठेवली होती.

संपल्यावर ती मुलगी म्हणाली, "आजोबा, अजून एकदा."

"बस चुकेल," क्लेम म्हणाले, आणि खाली बसून बूट चढवले. नाड्या बांधायला त्यांना फार वेळ लागला. मग एकदा वाजवलंच.

घरी आल्यावर त्यांनी दोन ओळींचं ते पत्र चुलीत टाकलं आणि चार पानी लिहिलं. बर्टीचं उत्तर आलं की कंपनीशी तीन आठवडे भांडलो, शेवटी म्हटलं हे गाणं उतरवायचं तर सातव्या टोपीसकट काढून टाका, आणि तोवर वेष्टन छापून झालं होतं.

ती रेकॉर्ड फार चालली नाही, आणि पडलीही नाही. वर्तमानपत्रांनी लिहिलं की या माणसाने आपण कोण हे ठरवलेलं दिसत नाही. बर्टी परत टीव्हीवर गेला, या वेळी पाद्री होऊन, घोडा नाही म्हणून खुशीत. एकदा एथेलबाईंच्या दुकानात लीड्सच्या एका क्लबातला पियानोवाला मासे खायला आला आणि कुरकुरला की तुमच्या मुलाचं ते गाणं पियानोवर कुठेच सापडत नाही, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी बसलंय. "तिथे कसं सापडेल?" एथेलबाई म्हणाल्या. "ते इथे आहे. व्हिनेगर हवं का?"

पुढच्या व्हिट्सनला नवीन वाद्यं आली, चकचकीत, खालच्या सुराची. आम्ही ती वाजवली, आणि खरं सांगायचं तर ती चांगली होती. चॅपेलचा ऑर्गनही उतरवला. क्लेमनी नवीन युफोनियमवर आणखी आठ वर्षं वाजवलं. जुनं ते घरी घेऊन गेले. सेथ म्हणाले की ने, आता ते कुणाशीच बोलायचं नाही. तसंच झालं. या पृथ्वीतलावर त्या वाद्याला साथ देईल असं एकच काही उरलंय, आणि ते नऊ नंबरात खणात ठेवलेलं आहे.

घरात आता दोन मशीनं आहेत. एक हळू फिरतं, त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही, विनीबाई त्यावर सकाळी भजनं म्हणतात. दुसरं बरोबर फिरतं. क्लेमनी त्यासाठी रेघांची चकती आणली आहे, आणि दर रविवारी ते ती आधी लावून बघतात.

आज लीक निघाले होते, म्हणून जेवण जरा उशिरा झालं. आत्ताच त्यांचा लांब सूर येऊन गेला. आता ढोल. बर्टी उतार उतरतोय. क्लेम तिहत्तर वर्षांचे आहेत, आठव्या आवर्तनाला त्यांना मध्येच श्वास घ्यावा लागतो, तेवढ्यापुरता रेकॉर्डीतला क्लेम एकटा पुढे जातो आणि हे त्याला गाठतात. शेवटी एक झांज वाजते, ती माझी. तिला सूर नाही. विनीबाईंनी किटली ठेवल्याचा आवाज आला, म्हणजे मला जायला हवं.